हॉट रॉड आणि सुरुवातीचं ड्रॅग रेसिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन गाड्यांबद्दल येणाऱ्या पत्रांत तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही पुण्या-कोल्हापूरच्या गॅरेजमधून, काही कॅलिफोर्नियात नोकरीला गेलेल्या आणि शेजाऱ्याच्या शेडमध्ये बिनमडगार्डची फोर्ड पाहून चक्रावलेल्या मंडळींकडून. सगळी उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे पान. विषय मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्नियाचा आणि १९३० ते १९७२ या काळाचा. ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्यांनी शेजारी उभं राहून एकदम सुटायचं आणि ठरावीक अंतर सरळ पळायचं; ती जागा म्हणजे ड्रॅग स्ट्रिप. आधीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, वादाचे पुढे.

१. हॉट रॉड म्हणजे नक्की कुठली गाडी? जुनी गाडी रंगवून चकाचक केली की झाली का हॉट रॉड?

नाही. चकाचक केलेली जुनी गाडी ही विंटेज गाडी, आणि तिची किंमत ती कंपनीतून निघाली तशीच राहण्यात असते. हॉट रॉडचं उलट आहे. साधारण विसाच्या-तिसाच्या दशकातली स्वस्त अमेरिकन गाडी घ्यायची, मडगार्ड, बोनेट, बंपर, टप, जे जे पळायला लागत नाही ते उतरवायचं आणि इंजिन सुधारायचं किंवा मोठं बसवायचं. वजन कमी, ताकद जास्त, एवढाच हिशेब. दिसणं त्यातून आपोआप आलं, हे विसरू नका. आज ज्याला लोक स्टाइल म्हणतात ते त्या काळी खिशात पैसे नसल्याचं लक्षण होतं. भंगारवाल्याकडून आणलेली गाडी आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन, बाकी स्वतःचे हात.

२. जिकडे तिकडे फोर्डच का? आणि १९३२ सालच्या गाडीला एवढा भाव का?

फोर्ड मिळायची म्हणून. मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून जास्त विकली गेली. तिच्यामागून मॉडेल ए आली. तिसाच्या दशकात या गाड्या कॅलिफोर्नियाच्या भंगारात कवडीमोलाने पडलेल्या असत.

१९३२ मध्ये फोर्डने व्ही-एट इंजिन आणलं. आठ सिलिंडरचं इंजिन तोवर श्रीमंतांच्या गाड्यांत असायचं. फोर्डने पूर्ण ब्लॉक एकाच ओतीव तुकड्यात काढला आणि ५०० डॉलरच्या आतल्या गाडीत बसवला. २२१ घन इंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटर, आणि ६५ अश्वशक्ती. आज हसू येईल, पण मॉडेल टीचं इंजिन २० अश्वशक्तीचं होतं.

१९३२ च्या गाडीचं आणखी एक कारण डोळ्यांना दिसतं. तिच्या चासीचे बाजूचे पत्रे बाहेरून दिसतील असे घडवलेले आहेत, त्यामुळे मडगार्ड काढले तरी गाडी उघडी-बोडकी वाटत नाही. म्हणून कित्येकांनी आधीच्या सालची बॉडी घेऊन ती ३२ च्या चासीवर चढवली. एक खुलासा, कारण हे दर वेळी चुकतं: १९३२ ची प्रत्येक फोर्ड व्ही-एट नव्हती. त्याच अंगाची चार सिलिंडरची गाडीही त्या वर्षी विकली जात होती.

३. त्या इंजिनात पोरं करायची तरी काय?

जे आपल्याकडचा टर्नर आणि मेकॅनिक मिळून करतील तेच. सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा. मर्क्युरी गाडीचा लांब स्ट्रोकचा क्रँक बसवायचा. १९४९ पासूनच्या मर्क्युरीचा चार इंच स्ट्रोकचा क्रँक यासाठी सगळ्यांना हवा असायचा. मूळ हेड काढून जास्त कॉम्प्रेशनचं ॲल्युमिनियमचं हेड लावायचं. एका कार्बोरेटरऐवजी दोन-तीन स्ट्रॉमबर्ग ९७. आणि कॅम घासून व्हॉल्व जास्त वेळ उघडा राहील असं करायचं.

कॅममधला जाणकार म्हणजे एड विनफिल्ड. त्याच्यानंतर एड इस्केंडेरियन. मॅनिफोल्डसाठी विक एडलब्रॉक, इंधन फवारणाऱ्या इंजेक्शनसाठी स्टू हिलबॉर्न. हे सगळे आधी स्वतः गाडी पळवणारे होते. मित्र म्हणाले, मलाही एक करून दे, आणि त्यातून कारखाने उभे राहिले. अमेरिकेतला सुट्या स्पीड पार्टचा सगळा धंदा असा शेडमधून निघालेला आहे, आणि मला या इतिहासातला सर्वांत आवडणारा भाग हाच.

या इंजिनाचे दोष मात्र बदलत नसत. क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग. शिवाय जळालेला वायू ब्लॉकच्या आतून फिरून बाहेर पडायचा, त्यामुळे पाणी उकळायचं. जुन्या माणसांच्या आठवणींत रेडिएटरची वाफ हमखास असते, ती यामुळे.

४. कोरड्या तळ्यांवर शर्यती म्हणजे काय? तळ्यात गाडी कशी पळेल?

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावे वाळवंट आहे. तिथे पावसाळी पाणी साचून आटलेली मैलोन् मैल सपाट, टणक मातीची मैदानं आहेत: म्युरॉक, एल मिराज, रोझामंड, हार्पर. झाड नाही, खांब नाही, पोलीस नाही. शनिवारी रात्री गाडी घेऊन निघायचं, मैदानाशेजारी झोपायचं आणि वारा सुटायच्या आत पहाटे पळवायचं.

आरंभी बऱ्याच गाड्या एका रांगेत सोडत. पुढच्याची धूळ मागच्याच्या डोळ्यांत, काही दिसायचं नाही, आणि माणसं मरायची. १९३७ मध्ये क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. नावातच टायमिंग आहे. एकेकाने सुटायचं, घड्याळाने वेग मोजायचा, वर्गवारी करायची आणि नोंद ठेवायची. जुन्नर-आंबेगावच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात एकेक बारी सुटते आणि निकाल सेकंदांवर लागतो, तशी ही पद्धत. शेजारी कोणी नसतं, वाद घालायचा तर घड्याळाशी.

वेग मोजला गेला की डॅशबोर्डवर लावायला धातूची छोटी पट्टी मिळायची, तीवर नाव, तारीख आणि वेग कोरलेला. जुन्या हॉट रॉडवर ही पट्टी अस्सल निघाली तर गाडीचा भाव बदलतो. हिच्याबद्दल आणखी प्रश्न १५ मध्ये.

५. महायुद्धाने हे सगळं थांबवलं की वाढवलं?

आधी थांबवलं. पेट्रोलचं रेशनिंग आलं, टायर मिळेनात, पोरं लढाईवर गेली आणि म्युरॉक लष्कराने ताब्यात घेतलं. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे.

या काळात धागा टिकवला तो एका बाईने. वेडा ऑर स्वतः तळ्यांवर गाडी पळवणारी. आघाडीवर गेलेल्या पोरांना ती बातमीपत्र टपालाने पाठवत राहिली: कोण कुठे आहे, कोणाची गाडी कोणाच्या शेडमध्ये झाकून ठेवली आहे.

लढाई संपल्यावर मात्र स्फोट झाला. विमानांची इंजिनं सांभाळून आलेली तरुण मुलं, हातात सैन्याचा पगार आणि बाजारात लष्करी मालाचे ढीग. बिल बर्कने लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकणारी इंधनाची टाकी घेतली, तिला चाकं लावली, आत इंजिन आणि माणूस बसवला. टाकी मुळातच वारा कापण्यासाठी घडवलेली, म्हणजे सर्वांत अवघड काम आयतंच झालेलं. ॲलेक्स झिडियास सैन्यातून सुटून आला आणि १९४६ मध्ये बरबँकला सो-कॅल स्पीड शॉप उघडून बसला. पुढे त्याचीही अशीच टाकीची गाडी नावाजली. १९४८ मध्ये हिलबॉर्नच्या गाडीने तळ्यावर ताशी १५० मैलांची, म्हणजे २४१ किलोमीटरची रेषा ओलांडली. पुढच्याच वर्षी मंडळी युटाच्या बॉनव्हिल मिठागरावर पोचली, कारण एल मिराज अपुरं पडू लागलं होतं.

६. ही मुलं रस्त्यावर शर्यती लावायची हे खरं का? की सिनेमावाल्यांनी रंगवलेलं?

खरं आहे. सिग्नलला दोन गाड्या शेजारी आल्या, एकमेकांकडे पाहिलं, हिरवा लागला की सुटल्या. अपघात व्हायचे, त्यात संबंध नसलेली माणसंही सापडायची. चाळिसाच्या दशकाच्या शेवटी वर्तमानपत्रांत हॉट रॉडवाला म्हणजे गुंड असं समीकरणच झालं होतं. आज आठवणी सांगताना हा भाग हसत हसत उडवला जातो. ते मला पटत नाही.

यावर दोन माणसांनी काम केलं. रॉबर्ट पीटरसनने जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात 'हॉट रॉड' मासिक विकायला आणलं, किंमत २५ सेंट. पुढे वॉली पार्क्स त्याचा संपादक झाला आणि १९५१ मध्ये त्याने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, काढली. पार्क्सचा मुद्दा साधा होता: पोरं पळवणारच आहेत, तर त्यांना जागा द्या आणि नियम द्या. पोमोना गावच्या पोलीसप्रमुखांनाच त्याने आपल्या बाजूला वळवलं. १९५३ मध्ये एनएचआरएची पहिली अधिकृत शर्यत पोमोनाच्या जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये झाली. पुढच्या वर्षी चार जणांचं पथक एक गाडी आणि ट्रेलर घेऊन देशभर हिंडलं, गावोगावी सुरक्षित शर्यत कशी भरवायची ते दाखवत.

७. पहिली ड्रॅग स्ट्रिप कुठली? दोन-तीन वेगवेगळी उत्तरं वाचली.

प्रश्न कसा विचारता त्यावर उत्तर ठरतं. ठरवून, माणसं जमवून झालेली गाजलेली शर्यत विचाराल तर १९४९ मधली सांता बार्बाराजवळच्या गोलेटाची, टॉम कॉब्ज आणि फ्रॅन हर्नांडेझ यांच्यातली. तिकीट लावून, दर रविवारी, घड्याळासह चालणारी जागा विचाराल तर सांता आना, १९५०.

सांता आनाचा कर्ताधर्ता सी. जे. हार्ट, सगळे त्याला पॅपी म्हणायचे. ऑरेंज काउंटीच्या विमानतळाची वापरात नसलेली धावपट्टी त्याने मिळवली. आत यायला ५० सेंट. नियम फार नव्हते. गाडी चालते ना, मग या रांगेत. त्याची बायको पेगी स्वतः गाडी पळवायची आणि पुरुषांना हरवायची. १९५९ मध्ये विमानांची ये-जा वाढल्यावर शर्यती बंद झाल्या. आज त्या जागी जॉन वेन विमानतळ आहे.

धावपट्टीच का, हे वेगळं सांगायला नको. सरळ, सपाट, रुंद आणि युद्धानंतर रिकामी. आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या त्याही याच हिशेबाने.

८. अंतर पाव मैलच का?

पाव मैल म्हणजे १,३२० फूट, ४०२ मीटर. धावपट्टीवर एवढं अंतर पळून उरलेल्या भागात त्या काळच्या ब्रेकनी गाडी थांबवता यायची, हे त्यातलं व्यवहारी कारण. पन्नासच्या दशकाच्या आरंभीच हे अंतर रुजलं.

अपवाद: जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलिशटाउनला शर्यतीत चालक स्कॉट कलिटाचा मृत्यू झाल्यावर एनएचआरएने नायट्रो या इंधनावर (प्रश्न ११) चालणाऱ्या दोन मोठ्या वर्गांसाठी अंतर १,००० फूट केलं. त्यामुळे आजच्या टॉप फ्युएलच्या, म्हणजे त्यातल्या ड्रॅगस्टरच्या वर्गाच्या, सेकंदांची जुन्या सेकंदांशी थेट तुलना करू नका.

९. शेवटच्या रेषेवर कमी वेग असलेली गाडी जिंकते. हे कसं काय?

हा प्रश्न दर महिन्याला येतो. ड्रॅगमध्ये तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. एक, दिवा हिरवा झाल्यापासून तुम्ही हलेपर्यंतचा वेळ. दोन, हलल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ. तीन, शेवटच्या टप्प्यातला वेग. विजेता पहिल्या दोनच्या बेरजेवर ठरतो, वेगाला निकालात स्थान नाही.

समजा पहिल्याने पाव मैल ९.०० सेकंदांत कापला, पण दिव्यावर ०.३० सेकंद झोपला: बेरीज ९.३०. दुसऱ्याने ९.१० घेतले, पण ०.१० मध्ये सुटला: ९.२०. दुसरा जिंकला. पिकअप चांगला आणि टॉप कमी असलेली गाडीही अशीच जिंकते, कारण तिने वेळ सुरुवातीलाच वाचवलेला असतो.

दिव्यांचा खांब १९६३ मध्ये आला. त्याआधी दोन गाड्यांच्या मध्ये झेंडा घेतलेला माणूस उभा असायचा आणि उडी मारून झेंडा फडकवायचा. त्याच्या खांद्याची हालचाल वाचून आधीच सुटणारे चालक होते, आणि त्यावरून भांडणंही व्हायची. लाल दिव्याने ती मिटवली: आधी सुटलात, हरलात.

१०. घरची हॉट रॉड जाऊन तो लांबलचक ड्रॅगस्टर कधी आला?

ड्रॅगस्टर म्हणजे फक्त ड्रॅग शर्यतीसाठी बांधलेली गाडी. ती आली हळूहळू, आणि वजन काढत काढत. सांता आनाला डिक क्राफ्टने मॉडेल टीचं जवळजवळ सगळंच उतरवलं; राहिले चासीचे दोन दांडे, इंजिन आणि सीट. त्यावर लोक हसले, मग त्याची नक्कल करू लागले.

त्याच सांता आनावर आरंभी गाड्यांची सर्वांत मोठी फजिती एका मोटारसायकलने केली. चेट हर्बर्टची हार्ले, नाव 'द बीस्ट'. हर्बर्टला पोलिओ झाला होता, तो चाकांच्या खुर्चीत असायचा. गाडी तो बांधायचा आणि पळवायचा दुसराच. वजन आणि ताकद यांचं गणित त्या बाईकने सगळ्यांना शिकवलं.

१९५४ च्या सुमारास मिकी थॉम्पसनने चालकाला मागच्या एक्सलच्याही मागे बसवलं. वजन मागे गेलं की चाकं जमीन धरतात. बिनखाचांचे रुंद रबरी स्लिक टायर आले. आधी ते जुन्या टायरवर रिमोल्ड करूनच बनवत. इंजिनही बदललं. क्रायस्लरने १९५१ मध्ये आणलेलं हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षाचं व्ही-एट, आणि शेवरलेने १९५५ मध्ये आणलेलं छोटं व्ही-एट यांच्यापुढे फोर्डच्या जुन्या इंजिनाचा टिकाव लागेना. त्यावर बसला ब्लोअर, म्हणजे हवा दाबून भरणारं यंत्र, आणि तोही मुळात जीएमसीच्या डिझेल इंजिनाचा, ६-७१ नावाचा. ट्रक-बसच्या भंगारातून काढलेला भाग जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांवर पुढे कित्येक वर्षं राहिला.

११. नायट्रो म्हणजे काय? आणि त्यावर बंदी का आली होती?

नायट्रोमिथेन. हे इंधन स्वतःच्या रेणूत ऑक्सिजन घेऊन येतं. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, नायट्रोला जेमतेम १.७ किलो. किलोमागे नायट्रोत ऊर्जा पेट्रोलच्या पाव हिश्श्याइतकीच असते, पण तेवढ्याच हवेत कितीतरी पट जास्त नायट्रो जाळता येतं. हिशेब करून पाहिलात तर ताकद दुपटीहून जास्त होते. हेड उडतं, पिस्टन वितळतात, आणि डोळ्यांत-नाकात झोंबणारा वास येतो.

१९५७ मध्ये एनएचआरएने बंदी घातली आणि ती १९६३ पर्यंत टिकली. कारणं होती वाढता वेग, अपुऱ्या धावपट्ट्या आणि खर्च. पण सगळ्या स्ट्रिप एनएचआरएच्या नव्हत्या. बेकर्सफील्डजवळ फॅमोसोला स्थानिक क्लबाने १९५९ मध्ये नायट्रोसह मोठी शर्यत भरवली. फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स आला, आणि जिंकला कॅलिफोर्नियाचा आर्ट क्रिसमन. त्या शर्यतीची आठवण काढणारे आजही आधी गर्दीबद्दल बोलतात.

१२. ताशी २०० मैल पहिल्यांदा कोणी गाठले?

अधिकृत नोंद डॉन गार्लिट्सची: १ ऑगस्ट १९६४, न्यू जर्सीतली आयलंड ड्रॅगवे, ताशी २०१.३४ मैल. पण शिकागोकडच्या म्हाताऱ्यांसमोर हे बोलू नका. त्यांच्या मते क्रिस कॅरामेसिनीसने एप्रिल १९६० मध्ये इलिनॉयच्या अल्टनला २०४.५४ मैल गाठले होते. घड्याळाने आकडा दाखवला होता हे खरं. ते घड्याळ किती विश्वासाचं, यावर वाद आहे, आणि चार वर्षं त्याच्या जवळपास दुसरं कोणी सातत्याने गेलं नाही, हा विरोधकांचा मुद्दा. मी गार्लिट्सच्या बाजूचा आहे. एकदाच दिसलेला आकडा हा विक्रम मानायला मी तयार नाही.

१३. आजच्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन चालकाच्या मागे असतं, जुन्यात पुढे. हा बदल कशामुळे?

मार्च १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गाडी सुटताक्षणी गार्लिट्सचा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. जुन्या रचनेत इंजिन चालकाच्या पुढ्यात, क्लच आणि गिअरबॉक्स त्याच्या पायांमध्ये. जे फुटेल ते अंगावर, तेल उडेल ते चष्म्यावर.

दवाखान्याच्या खाटेवरच त्याने इंजिन मागे न्यायचं ठरवलं. आधीही काहींनी हे केलं होतं, पण गाडी सरळ राहायची नाही. गार्लिट्स आणि त्याच्या सोबत्यांनी अडचण शोधली: स्टिअरिंग जरुरीपेक्षा तिखट होतं, जरा हात हलला की गाडी वळायची. ते मंद केलं. १९७१ ची पोमोनाची विंटरनॅशनल्स त्याने या गाडीने जिंकली आणि काही वर्षांत पुढच्या इंजिनाचे ड्रॅगस्टर शर्यतींतून गेले.

१४. गॅसर, कस्टम, फनी कार, हॉट रॉड... घोळ होतो. फरक सांगा.

हॉट रॉड प्रश्न १ मध्ये आहे. कस्टम म्हणजे पळण्यासाठी नाही, दिसण्यासाठी बदललेली, बहुधा चाळीस-पन्नासच्या दशकातली मोठी गाडी: छत कापून बुटकं केलेलं, सांधे शिशाने भरलेले, अंग जमिनीलगत. जॉर्ज आणि सॅम बॅरिस यांच्या कारखान्यात बॉब हिरोहाटासाठी बनलेली १९५१ ची मर्क्युरी हे तिचं सर्वांत नावाजलेलं उदाहरण. गॅसर ही पंपावरच्या पेट्रोलवर पळणारी, बंद बॉडीची, नाक वर केलेली गाडी. १९४० च्या आसपासच्या विलिज कंपनीच्या गाड्या यासाठी आवडत्या. फनी कार साठच्या दशकातली: वरून कारखान्याच्या गाडीसारखं फायबरग्लासचं कवच, आत ड्रॅगस्टर.

गॅसरवाल्यांत स्टोन, वुड्स आणि कुक या चमूची विलिज सर्वांत गाजली. 'बिग जॉन' मॅझमनियनशी त्यांची चुरस होती, आणि कॅम बनवणारे कारखाने जाहिरातींतून त्या चुरशीत तेल ओतायचे. फ्रेड स्टोन आणि टिम वुड्स कृष्णवर्णीय होते, चालक डग कुक गोरा, मॅझमनियन आर्मेनियन वंशाचा, आणि वरचा हिरोहाटा जपानी वंशाचा. हा छंद फक्त गोऱ्या पोरांचा होता असं समजणाऱ्यांनी एवढी नावं लक्षात ठेवावीत. बायकांपैकी वेडा ऑर प्रश्न ५ मध्ये आणि पेगी हार्ट ७ मध्ये भेटल्या. त्यांच्यापुढचं नाव शर्ली मल्डाउनी: टॉप फ्युएलचं विजेतेपद १९७७, १९८० आणि १९८२ मध्ये, तीनदा.

१५. जुनी माणसं सांगतात त्यातलं खरं किती मानायचं?

माझा अनुभव असा की आवाज, वास, माणसं आणि सुटे भाग यांच्या आठवणी बहुतेक खऱ्या असतात. कोणत्या गाडीला कोणाचा कॅम होता हे सत्तर वर्षांनीही बरोबर सांगतात. आकडे मात्र वाढतात. दर दिवाळीला चार-पाच मैलांनी.

त्याला नुसती फुशारकी कारणीभूत नाही. रस्त्यावरचा आकडा स्पीडोमीटरचा असायचा, आणि टायर बदलले की स्पीडोमीटर काहीही दाखवतो. स्ट्रिपवर घड्याळं वेगवेगळी होती, काही मालक गर्दी जमावी म्हणून चढे आकडे खपवून घेत. हवेचाही भाग आहे: लायन्स समुद्रसपाटीच्या जवळ, तिथली हवा दाट, म्हणून तीच गाडी तिथे जास्त पळायची आणि उंचावरच्या गावात मंदावायची.

म्हणून कोणी आकडा सांगितला की मी तीन गोष्टी विचारतो. कुठे, कोणत्या साली, आणि कागद आहे का. कागद म्हणजे शर्यतीनंतर हातात मिळणारी वेळेची चिठ्ठी, किंवा तळ्यांवरची धातूची पट्टी. ती असेल तर वाद संपला. नसेल तर ऐकून घ्यावं, चहा घ्यावा आणि आकडा सोडून बाकीचं लिहून ठेवावं. ही पिढी आता नव्वदीच्या पुढे आहे, त्यामुळे लिहून ठेवण्याची घाई करा.

१६. प्रदर्शनात दिसणाऱ्या हॉट रॉड खरंच त्या काळच्या असतात का?

बऱ्याच नसतात. १९३२ च्या फोर्डचा पत्रा आजही नवा दाबून मिळतो, चासी नवी मिळते, फायबरग्लासची बॉडी तर स्वस्तात. संपूर्ण 'जुनी' गाडी एकही जुना भाग न वापरता उभी करता येते. त्यात फसवणूक नाही, फक्त विकणाऱ्याने तसं सांगायला हवं. खऱ्या जुन्या शर्यतीच्या गाड्यांना मान उशिरा मिळाला. पेबल बीचच्या श्रीमंती स्पर्धेत हॉट रॉडचा वर्ग सुरू झाला तो १९९७ मध्ये, म्हणजे सुरुवात होऊन साठ वर्षं झाल्यावर. ज्या गाड्या गरिबीतून जन्मल्या त्यांच्यापुढे आता दोरी बांधलेली असते. मला त्यात गंमत वाटते, काही जुन्यांना राग येतो.

१७. कॅलिफोर्नियात आहोत. हे आज कुठे पाहायला मिळेल?

पोमोनाच्या जत्रेच्या मैदानातच वॉली पार्क्सच्या नावाचं संग्रहालय आहे, सुरुवात तिथून करा. फॅमोसोला मार्चमध्ये आणि शरद ऋतूत जुन्या ड्रॅगस्टरचे मेळे भरतात. एल मिराजवर प्रश्न ४ मधली संघटना आजही शर्यती घेते. सावली नसते, पाणी आणि टोपी न्या. बॉनव्हिलची स्पीड वीक ऑगस्टमध्ये, पण मिठावर पाणी साचलं तर रद्द होते, विमानाचं तिकीट त्या बेताने काढा. लायन्स शोधत बसू नका, ती डिसेंबर १९७२ मध्ये बंद झाली. नायट्रोची गाडी सुटणार असेल तर कानात बोळे घालाच, लहान मुलांच्या कानात सर्वांत आधी.

१८. आमच्या वाड्यात आजोबांची तिसाच्या दशकातली फोर्ड व्ही-एट आहे. तिची हॉट रॉड करू का?

करू नका. कारणं दोन.

पहिलं कायद्याचं. नोंदणीच्या कागदांवरचे तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. ५० वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणी आहे. क्रमांकात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. पण तिची अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही मडगार्ड कापून दुसरं इंजिन बसवाल, त्या क्षणी ही वाट बंद. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच.

दुसरं कारण संख्येचं. अमेरिकेत अशा गाड्या भंगारात ढिगाने होत्या म्हणून त्या कापल्या गेल्या. भारतातल्या फोर्ड बहुतेक कॅनडाच्या कंपनीमार्फत आलेल्या, उजव्या स्टिअरिंगच्या, आणि त्यातल्या थोड्याच उरल्या आहेत. हात शिवशिवत असतील तर इंजिन मूळ मापात उघडून बसवा. हेड उतरवताना घाई नको: बोल्ट गंजून अडकलेले असतात आणि ब्लॉकमध्येच तुटतात. आठवडाभर आधीपासून रोज थोडं डिझेल सोडत राहा, आणि नवं गास्केट हातात आल्याशिवाय पाना लावू नका.